अमुक तासांपूर्वी

मराठी गद्याचें परीक्षण करावयाचें तर तें कादंबरीचें, निबंधाचें, चरित्राचें, फार तर वर्तमानपत्रांतील अग्रलेखाचें करावें, अशी आपली समजूत आहे. आणि ज्या गद्यावर कोणा लेखकाचें नांव नाहीं तें गद्यच नव्हे, असेंही आपण न बोलतां धरून चालतों. परंतु ज्याच्या हातीं मोबाइल आहे असा मराठी मनुष्य सकाळीं उठल्यापासून रात्रीं डोळे मिटेपर्यंत एक लहानसें वाक्य पुन्हां पुन्हां वाचीत असतो. मित्राच्या निरोपाखालीं, बातमीच्या मथळ्याखालीं, बँकेच्या सूचनेखालीं तें करड्या बारीक अक्षरांत उमटलेलें असतें : ‘३ तासांपूर्वी’. आतां यास वाक्य तरी कसें म्हणावें? त्याला कर्ता नाहीं, क्रियापद नाहीं. तरीपण तें कांहीं विधान करतें. तें विधान खरें किंवा खोटें असूं शकतें. आणि वाचणारा त्यावर विसंबून कांहीं करतो किंवा करावयाचें राहून जातो. एवढे गुण ज्याच्या अंगीं आहेत त्याचें परीक्षण करण्यास हरकत नसावी. आमच्या मतें तर तें करणें अवश्य झालें आहे. दिवसांतून इतके वेळां वाचलें जाणारें दुसरें मराठी गद्य आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. आणि तें कोणी लिहिलें, कशावरून लिहिलें, नीट लिहिलें कीं नाहीं, याची चौकशी करण्याचें मात्र आपल्या मनांतही येत नाहीं.

हें वाक्य जन्मास कसें येतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. संगणकाला तास, दिवस, महिने यांचें स्वभावतः कांहींच ज्ञान नसतें. पुष्कळ यंत्रणांत कोणत्याही घटनेची वेळ एका मोठ्या संख्येनें टिपून ठेवतात : १ जानेवारी १९७० रोजीं ग्रीनिचला मध्यरात्र झाली, तेव्हांपासून किती सेकंद लोटले ती ही संख्या. निरोप आला त्या क्षणाची संख्या आतांच्या क्षणाच्या संख्येंतून वजा केली म्हणजे मधलें अंतर हातीं येतें. समजा, ९००० सेकंद. हें उत्तर अगदीं बिनचूक असतें आणि माणसाच्या अगदीं निरुपयोगाचें असतें. ‘आपल्या बंधूंचा निरोप ९००० सेकंदांपूर्वी आला’ असें वाचून कोणाच्याही मनांत काळाचें चित्र उभें राहणार नाहीं. म्हणून त्या संख्येचें माणसाच्या बोलींत रूपांतर करणारा एक लहानसा प्रोग्रॅम मध्यें बसविलेला असतो. हा एक प्रकारचा दुभाषी होय. आणि आमचें परीक्षण आहे तें या दुभाष्याच्या मराठीचें.

असे दुभाषी पुष्कळ आहेत. त्यांपैकीं दोघांचें काम आम्हीं जवळून पाहिलें. पहिला ‘मोमेंट’ या नांवाचा, जावास्क्रिप्ट भाषेंत लिहिलेला तयार संच. तो २०११ सालीं निघाला, असंख्य संकेतस्थळांनीं वापरला, आणि आतां यांत नवी भर घालावयाची नाहीं असें त्याच्या चालकांनीं २०२० सालीं जाहीर केलें. तथापि तो अजून ठिकठिकाणीं चालूं आहे. दुसरें, युनिकोड कन्सॉर्शियमचें ‘सीएलडीआर’ हें भांडार. तारखा, आंकडे, वारांचीं नांवें, कालांतरें हीं कोणत्या भाषेंत कशीं लिहावीं याचे सांचे त्यांत भाषावार गोळा केलेले आहेत, आणि ब्राउझर व मोबाइल यांचीं मोठमोठीं सॉफ्टवेअरें ते तेथून उचलतात. छापखान्यांतील एक खिळा वांकडा असला तर एक प्रत बिघडते असें नाहीं, सारी आवृत्ति बिघडते. तोच न्याय येथें लागूं आहे, फक्त आवृत्तीचा आंकडा कोणास सांगतां यावयाचा नाहीं.

प्रथम गुण पाहूं. इंग्रजींत हें काम सोपें आहे. नामाचीं रूपें काय तीं दोन, एकवचनाचें आणि अनेकवचनाचें. त्यांच्यापुढें ‘अगो’ हा शब्द ठेवून दिला कीं झालें. मराठींत तसें चालत नाहीं. ‘महिना’ एकटा उभा असतो तेव्हां महिना. त्याला ‘पूर्वी’ जोडावयाचें म्हटलें कीं त्याचें सामान्यरूप करावें लागतें, एकवचनांत ‘महिन्या’ आणि अनेकवचनांत ‘महिन्यां’. इंग्रजी सांच्यांत मराठी शब्द नुसते ओतले तर ‘२ महिने पूर्वी’ असा कडबोळ्यासारखा प्रकार तयार होतो, आणि हयगयीनें भाषांतरलेल्या सॉफ्टवेअरांत तो पाहावयास मिळतोही. मोमेंटची मराठी ज्यांनीं केली त्यांनीं ही गोष्ट ओळखली. त्यांनीं प्रत्येक मापासाठीं दोन घरांचें कोष्टक केलें : अंतर एकटें सांगावयाचें तर ‘एक महिना’, ‘२ महिने’, ‘२ वर्षे’, आणि मागें किंवा पुढें कांहीं जोडावयाचें तर ‘एका महिन्या’, ‘२ महिन्यां’, ‘२ वर्षां’. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें, मोरो केशव दामल्यांचें १९११ सालीं. त्या परंपरेंतील सामान्यरूपाचें प्रकरण कोणीतरी यंत्राला थोड्या ओळींत शिकविलें, ही गोष्ट आम्हांस कौतुकाची वाटते. ‘तासापूर्वी’ आणि ‘तासांपूर्वी’ यांत फरक एका टिंबाचा. पण तें टिंब तेथें जागच्या जागीं पडतें. शिवाय एकाच्या ठिकाणीं आंकडा न घालतां ‘एका’ असें अक्षरांत लिहिलें आहे, हेंही शहाणपणाचें. सीएलडीआरच्या सांच्यांत तेथें आंकडा येतो, आणि ‘१ तासापूर्वी’ याचा उच्चार ‘एका तासापूर्वी’ असा करण्याचें काम वाचकाच्या जिभेवर सोंपविलें जातें. जीभ तें करते. परंतु छापलेलें एक आणि वाचलेलें दुसरें, हें कांहीं चांगल्या गद्याचें लक्षण नव्हे.

दोष दिसूं लागतात ते शब्दरूपांच्या पलीकडे, आंकड्यांत. वर घेतलेले ९००० सेकंद म्हणजे बरोबर अडीच तास. मराठी मनुष्याला हें सांगावयास एक शब्द पुरतो, आणि तो त्याला शोधावा लागत नाहीं. मोमेंट मात्र अडीचाचे तीन करतो आणि ‘३ तासांपूर्वी’ म्हणून मोकळा होतो. त्याची रीत अशी कीं, अंतर जवळच्या पूर्णांकास नेऊन भिडवावयाचें, आणि तें बरोबर मध्यावर असलें तर वरच्या अंगास ढकलावयाचें. याखेरीज एका मापावरून दुसऱ्या मापावर जाण्याच्या पायऱ्याही त्यानें ठरवून ठेवल्या आहेत. मिनिटें ४४ पर्यंत मोजावयाचीं. ४५ झालीं कीं ‘एका तासापूर्वी’. ९० झालीं कीं ‘२ तासांपूर्वी’. दिवस २६ झाले कीं ‘एका महिन्यापूर्वी’, आणि ४६ झाले कीं ‘२ महिन्यांपूर्वी’. ३२० दिवसांवर ‘एका वर्षापूर्वी’, आणि ५४८ दिवसांवर एकदम ‘२ वर्षांपूर्वी’.

या पायऱ्या जेथें येतात तीं ठिकाणें मराठी वाचकानें जरा निरखून पाहावीं. ४५ मिनिटें म्हणजे पाऊण तास. ९० मिनिटें म्हणजे दीड तास. ४६ दिवस म्हणजे दीड महिना, आणि ५४८ दिवस म्हणजे दीड वर्ष. यंत्र जेथें जेथें अडखळतें आणि उडी मारतें, तेथें तेथें मराठींत एक घडीव शब्द आधींच उभा आहे! पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन या शब्दांवर आमच्या वाडवडिलांनीं आपला व्यापार, शेतसारा आणि व्याजबट्टा चालविला. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे मुलांकडून घोकून घेतले. पूर्णांक आणि पूर्णांक यांच्या मधली जागा या भाषेनें रिकामी ठेवलेलीच नाहीं. इंग्रजीला तीच गोष्ट सांगावयास तीनचार शब्दांची मोळी बांधावी लागते, म्हणून इंग्रजी सांचा तयार करणारानें ती टाळली, हें समजण्यासारखें आहे. आपण ती कां टाळावी? ९० मिनिटांना २ तास म्हणणें ही ३० मिनिटांची चूक आहे, म्हणजे खऱ्या अंतराच्या एक तृतीयांशाची. ५४८ दिवसांना २ वर्षें म्हणणें ही सुमारें सहा महिन्यांची. एवढ्या चुकीचें कारण आपल्या भाषेची असमर्थता असती तर आम्ही मुकाट्यानें ती सोसली असती. परंतु असमर्थता सांच्याची, आणि शिक्षा भाषेला, असा हा प्रकार आहे. दीड आणि अडीच यांचें व्याकरण थोडें निराळें पडतें हें कबूल केलें पाहिजे, कारण ‘दीड महिना’ एकवचनी आणि ‘अडीच महिने’ अनेकवचनी. पण ज्यांनीं सामान्यरूपाचें कोष्टक बसविलें त्यांस हें जड जाण्याचें कारण नव्हतें.

येथेंच दुसऱ्या एका दुभाष्याचा दाखला देण्यासारखा आहे. ‘रूबी ऑन रेल्स’ ही २००४ सालीं निघालेली चौकट; तिच्यांतील प्रोग्रॅमही असाच पूर्णांकावर जातो, परंतु जातांना तो त्याच्या मूळ इंग्रजींत एक शब्द बरोबर घेतो. एक तास म्हणावयाचें तेथें तो ‘सुमारें एक तास’ म्हणतो, आणि वर्षांच्या बाबतींत तर ‘सुमारें एक वर्ष’, ‘एक वर्षाहून अधिक’ आणि ‘जवळजवळ दोन वर्षें’ अशा तीन छटा ठेवतो. आम्हांस यांत शैलीपेक्षां सचोटी अधिक दिसते. ज्याला ठाम माहीत आहे त्यानें ठाम बोलावें. ज्यानें आपल्याच हातानें आंकडा वाढविला किंवा छाटला आहे त्यानें ‘सुमारें’ हा शब्द गिळून टाकूं नये. मोमेंटचें ‘एका तासापूर्वी’ हें ४५ मिनिटांनाही लागतें आणि ८९ मिनिटांनाही लागतें, पण वाचणाऱ्याला तें पाळण्यांतील घड्याळाइतकें निश्चित वाटतें.

दिवसांविषयीं बोलावयाचें तर यंत्राच्या बाजूनेंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठींत ‘आठ दिवसांपूर्वीं’ म्हणजे आठवड्यापूर्वीं, आणि ‘पंधरा दिवसांपूर्वीं’ म्हणजे दोन आठवड्यांपूर्वीं. दोन्ही वेळां आपण एक दिवस अधिक मोजतों, कारण आज आणि तो वार हीं दोन्ही टोकें आपण हिशेबांत धरतों. फ्रेंच लोकही नेमकें हेंच करतात. ‘चार दिवसांपूर्वीं’ म्हटलें तर त्यांतील चार ही संख्याच नव्हे. तिचा अर्थ थोडे दिवस. आतां मोमेंट आपल्या मूळ रीतीनें आठवडा हें माप वापरीतच नाहीं, २५ पर्यंत दिवसच मोजतो. तेव्हां ‘८ दिवसांपूर्वी’ हें त्याच्या तोंडून निघतें तेव्हां तें खरोखर आठच असतात. अक्षरांत ‘आठ’ लिहिलें असतें तर घोंटाळा झाला असता. आंकड्यांत ‘८’ लिहिल्यामुळें वाक्प्रचार आणि मोजणी यांच्यामध्यें आपोआप एक भिंत उभी राहिली. हा गुण हेतूनें साधलेला नसेल. पण साधला आहे.

‘काल’ या शब्दानें मात्र सगळ्याच दुभाष्यांची फजिती केली आहे. सीएलडीआरनें ‘काल’, ‘आज’, ‘उद्या’ हे शब्द दिले आहेत, आणि प्रोग्रॅम लिहिणारानें ‘उणें एक दिवस’ अशी सूचना केली म्हणजे ‘१ दिवसापूर्वी’ च्या ऐवजीं ‘काल’ उमटवितां येतें. शब्द गोड आहे. पण उणें एक कसें काढलें? पुष्कळ ठिकाणीं तासांना २४ नें भागून बाकी टाकून देतात. सोमवारीं सकाळीं ८ वाजतां कोणी कांहीं लिहिलें आणि आपण तें बुधवारीं सकाळीं ७ वाजतां वाचलें, तर मध्यें ४७ तास गेले. भागाकार आला एक. यंत्र म्हणतें ‘काल’. मराठी मनुष्य म्हणेल परवां, आणि त्याचेंच बरोबर आहे. कारण ‘काल’ हा शब्द चोवीस तासांचें माप नव्हे. मध्यें एक रात्र गेली पाहिजे, हा त्याचा अर्थ. पंचांगांतला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. कचेरींतला मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. आणि घरांतला आपण झोंपून उठलों म्हणजे बदलतो. रात्रीं एक वाजतां जागा असलेला विद्यार्थी दोन तासांपूर्वींच्या जेवणाला ‘कालचें जेवण’ म्हणत नाहीं, कॅलेंडर कांहींही म्हणो. प्रोग्रॅमनें निदान कॅलेंडराची मध्यरात्र तरी पाळावी. भागाकार पाळूं नये.

परवांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. ‘परवां भेटलों’ आणि ‘परवां भेटूं’ या दोन्ही ठिकाणीं शब्द एकच. भूत कीं भविष्य हें क्रियापद सांगतें. हिंदीची अडचण एक दिवस आधींच सुरूं होते, कारण तेथें ‘कल’ हाच मागचा आणि ‘कल’ हाच पुढचा; सीएलडीआरमधील हिंदीच्या पानावर दोन्ही दिवसांस तोच एक शब्द दिलेला आहे. बोलणाऱ्या हिंदी माणसाची यांत कांहींच गैरसोय होत नाहीं, कारण तो क्रियापदावांचून बोलत नसतो. करड्या अक्षरांतल्या त्या तुकड्याला मात्र क्रियापद नाहीं. आमच्या भाषांनीं काळाचें ओझें क्रियापदाच्या खांद्यावर दिलें. सांच्यानें क्रियापदच घरीं ठेवलें.

या तुकड्याचें आणखी एक वैगुण्य असें कीं, तो वाचला जात असेपर्यंतच खरा असतो. पेशवाईंतील पत्रांवर ‘छ’ हें अक्षर, चंद्राचा दिवस आणि मुसलमानी महिना एवढेंच पुष्कळदा असतें. वर्ष लिहिण्याची गरज लिहिणारास वाटत नसे, कारण पत्र ज्याच्या हातीं जावयाचें त्याला तें ठाऊकच असे. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड १८९८ सालीं काढला. अशा पत्रांचीं वर्षें मजकुरावरून ताडून ठरविण्यांत संशोधकांच्या पिढ्या खपल्या. पण त्या कारकुनांनीं निदान दिवस आणि महिना दिला होता. आज लोक भांडणाच्या, व्यवहाराच्या, कधीं कधीं तक्रारीच्या पुराव्यासाठीं मोबाइलच्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवतात, आणि त्यावर लिहिलेलें असतें ‘३ तासांपूर्वी’. कोणत्या क्षणापूर्वीं तीन तास? चित्र काढलें त्या क्षणापूर्वीं. आणि तो क्षण चित्रांत नसतो. ज्या यंत्राला घटनेचा सेकंदसुद्धां ठाऊक होता त्यानेंच तो लपविला, ही यांतील गंमत आहे. कांहीं संकेतस्थळें त्या अक्षरांवर टिचकी मारली असतां पूर्ण तारीख दाखवितात. ही सोय सर्वत्र असावी. जुन्या झालेल्या मजकुराखालीं तर सरळ तारीखच छापावी हें बरें. ‘७ वर्षांपूर्वी’ हें वाचून कोणाचेंही भलें होत नाहीं. सालाचा आंकडा चार अक्षरांचा असतो आणि तो कधीं शिळा होत नाहीं.

आतांपर्यंत सांगितलेले दोष भूतकाळाचे. ते सुबकपणाचे, अर्ध्या तासाचे, फार तर अर्ध्या वर्षाचे आहेत. त्यांनीं वाचकाची थोडी दिशाभूल होते, पण अर्थ उलटा होत नाहीं. भविष्यकाळाकडे वळलें म्हणजे प्रकरण बदलतें. मोमेंटच्या मराठी पानावर भविष्याचा सांचा असा आहे : अंतराचें सामान्यरूप, आणि त्यास जोडून ‘मध्ये’. ‘२ तासांमध्ये’, ‘३ दिवसांमध्ये’, ‘एका महिन्यामध्ये’. सीएलडीआरमध्येंही भविष्याच्या वांट्याला ‘मध्ये’च आलें आहे. हें कोठून आलें तें सांगावयास ज्योतिषी नको. इंग्रजींत येथें ‘इन्’ आहे, शब्दकोशांत ‘इन्’ समोर ‘मध्यें’ लिहिलेलें असतें, भाषांतर झालें.

परंतु इंग्रजीच्या त्या एका शब्दांत दोन अर्थ राहतात. घर दोन महिन्यांत बांधून झालें, येथें जो आहे तो एक; गाडी दोन तासांनीं सुटेल, येथें जो आहे तो दुसरा. इंग्रजी दोहोंस एकच शब्द लावतें आणि संदर्भावर भिस्त ठेवतें. मराठीनें हीं दोन कामें दोघांना वांटून दिलीं आहेत. ‘दिवसांत’ किंवा ‘दिवसांमध्यें’ म्हटलें कीं ती मर्यादा झाली, तिच्या आंत केव्हांही. ‘दिवसांनीं’ किंवा ‘दिवसांनंतर’ म्हटलें कीं तेवढा अवधि संपल्यावर, त्याच्या आधीं नव्हे. ‘आठ दिवसांत कपडे देतों’ म्हणणाऱ्या शिंप्याकडे आपण पांचव्या दिवशीं डोकावून येतों. ‘आठ दिवसांनीं या’ म्हणणाऱ्याकडे पांचव्या दिवशीं गेलों तर तो आपणांसच हंसतो, आणि त्याचें हंसणें योग्य असतें. हा भेद व्याकरणाच्या पुस्तकांत राहणारा नाहीं, तो बाजारांत राहणारा आहे. शाळेचें तोंड न पाहिलेला मनुष्यही तो चुकत नाहीं. तो चुकला आहे यंत्राच्या सांच्यांत, आणि तेथून तो सर्वांच्या डोळ्यांपुढें जात आहे.

औषधाची आठवण देणारा एखादा प्रोग्रॅम घ्या. असे प्रोग्रॅम आहेत, आणि त्यांचा उपयोग वृद्धांना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना होतो. इंग्रजी सूचना अशी कीं, पुढची गोळी आणखी ४ तास गेल्यावर घ्यावयाची. प्रोग्रॅम लिहिणारानें अंतर सीएलडीआरच्या किंवा मोमेंटच्या स्वाधीन केलें, आणि पडद्यावर उमटलें : ‘पुढची गोळी ४ तासांमध्ये’. ज्याची मराठी शुद्ध आहे असा मनुष्य हें वाचून काय समजेल? चार तासांच्या आंत गोळी घेतली पाहिजे; आतां घेतली तरी चालेल; उशीर मात्र नको. मूळ सूचनेचा अर्थ होता, चार तास जाईपर्यंत घेऊं नको. शब्द तेच, आंकडा तोच, आणि आज्ञा बरोबर उलटी. म्हाताऱ्या माणसानें ती गोळी तत्काळ घेतली तर दोष त्याच्या मराठीचा नव्हे. त्याची मराठी चांगली होती म्हणूनच तो फसला. ज्याला ‘मध्ये’ च्या मागचें इंग्रजी ‘इन्’ दिसतें तोच काय तो यांतून वांचतो. मराठी वाक्य समजण्यासाठीं ज्यांत इंग्रजी यावें लागतें तें मराठी कोणासाठीं लिहिलेलें असतें?

संदर्भावरून लोकांस कळतें, असा युक्तिवाद आम्हीं ऐकला आहे. ‘परीक्षा ३ दिवसांमध्ये’ याचा अर्थ परीक्षा तीन दिवस चालणार असा कोणी घेत नाहीं, असें म्हणतात. आम्हांस तर तोच अर्थ प्रथम सुचला. ‘सभा २ तासांमध्ये’ हें वाचून सभा दोन तासांत आटोपणार आहे असें समजून कोणी आनंदित झाला तर त्याला काय उत्तर द्यावयाचें? ज्याला क्रियापद नाहीं, कर्ता नाहीं, मागचें पुढचें वाक्य नाहीं, त्या तुकड्याला संदर्भ तो कोणता असणार? आणि याहून काळजीची गोष्ट ही कीं, सांच्याची चूक सांच्यापाशींच राहत नाहीं. ‘बस दहा मिनिटांमध्यें येईल’ हें वाक्य आतां तरुण मुलांच्या तोंडीं ऐकूं येतें, आणि बस आतां येणार कीं दहा मिनिटांनीं येणार, चहा प्यावा कीं न प्यावा, हें तें वाक्य ऐकणाऱ्याला ठरवितां येत नाहीं. याचा सारा दोष यंत्राच्या माथीं मारण्याचा आमचा हेतु नाहीं. इंग्रजी माध्यमाच्या वर्गांतही तो शिकतां येतो. पण वर्गांतील चूक पुसावयास फळा असतो.

दोष असा पडला याचें कारण केवळ निष्काळजीपणा असावा असें आम्हांस वाटत नाहीं, कारण तीच माणसें सामान्यरूपाच्या बाबतींत किती दक्ष होतीं हें आम्हीं वर पाहिलें. कारण सांच्याच्या बांधणींत आहे. मोमेंटमध्यें भूतासाठीं एक पुच्छ आणि भविष्यासाठीं एक पुच्छ, अशी जागा ठेवलेली. अंतर कोणतेंही असो, पुच्छ तेंच. ‘पूर्वी’ हें अव्यय असल्यामुळें तेथें सुखानें बसलें. भविष्यासाठीं मराठीचा स्वाभाविक प्रत्यय तृतीयेचा. पण तो वचनाप्रमाणें बदलतो, ‘एका तासानें’ परंतु ‘दोन तासांनीं’. एका जागेंत दोन रूपें कशीं बसावीं? ‘मध्ये’ बदलत नाहीं, आणि इंग्रजीला तें शब्दशः जुळतें. तेव्हां तें निवडलें गेलें असावें. हिंदीच्या पानावर त्याच जागीं ‘में’ आहे, म्हणजे शेजारी घरींही हीच वाट. बंगाली मात्र या वाटेनें गेली नाहीं. मोमेंटच्या बंगाली पानावर मागच्या काळास ‘आगे’ आणि पुढच्या काळास ‘परे’ दिलें आहे. ‘परे’ म्हणजे नंतर. ज्यानें तें लिहिलें त्यानें इंग्रजी शब्दाकडे न पाहतां बंगाली माणूस काय बोलतो तें ऐकलें.

आपणांस तरी दुसरें काय करावयाचें आहे? ‘नंतर’ हें ‘पूर्वी’ सारखेंच अव्यय आहे, वचनानें बदलत नाहीं, आणि त्याला सामान्यरूपही तेंच लागतें : ‘एका तासानंतर’, ‘२ तासांनंतर’, ‘३ दिवसांनंतर’, ‘एका महिन्यानंतर’. कोष्टकांतील एक अक्षरही हालवावें लागत नाहीं. ‘मध्ये’ काढून त्या जागीं ‘नंतर’ ठेवलें कीं काम झालें. सीएलडीआरमध्यें एकवचनाचा आणि अनेकवचनाचा सांचा मुळांतच वेगळा असल्यामुळें तेथें ‘तासाने’ आणि ‘तासांनी’ हीं बोलींतलीं रूपेंसुद्धां चालतील, आणि आमची पसंती त्यांनाच आहे. त्या भांडाराच्या आवृत्त्या वर्षांतून दोनदां निघतात. त्या त्या भाषेच्या जाणकारांनीं शब्द सुचवावे आणि त्यांवर मत द्यावें अशी तेथें व्यवस्था आहे, आणि त्यासाठीं प्रोग्रॅम लिहितां येण्याची गरज नाहीं. महाविद्यालयांतील मराठी विभागांनीं हें काम अंगावर घ्यावें. मोमेंटच्या मूळ प्रतींत आतां फेरफार होतील किंवा न होतील. पण जो तो वापरतो त्याला आपल्यापुरता सांचा बदलतां येतो, आणि तो एका ओळीचा बदल आहे. दीड, अडीच आणि पाऊण यांना आणखी थोडे दिवस थांबावें लागलें तरी त्यांचें कांहीं बिघडत नाहीं. त्यांनीं पुष्कळ राज्यें पाहिलीं आहेत. गोळीच्या सूचनेंत ‘४ तासांनंतर’ हें शब्द मात्र पुढच्याच आवृत्तींत यावेत.